सिकिनस: सलामिसचा खरा वीर की नुसता सांगकाम्या?

बखरवेडा: ग्रीकांनी पर्शियनांना हरवलं त्या सलामिसच्या आरमारी लढाईचं सगळं श्रेय अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस खाऊन जातो. पण इ.स.पू. ४८० च्या त्या रात्री होडीतून पर्शियनांकडे गेला कोण? सिकिनस. थेमिस्टोक्लीसच्या घरचा गुलाम, पोरं सांभाळणारा. निरोप असा की मालक आतून तुमच्या राजाच्या बाजूचा आहे, ग्रीक घाबरलेत, आपसात फाटलेत, पळायच्या आत गाठा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, एवढं सांगून तो लगेच सटकला. पर्शियनांनी रातोरात वाटा अडवल्या आणि सकाळी त्या चिंचोळ्या पाण्यात त्यांचीच जहाजं एकमेकांवर आदळली. थाप उघडी पडली असती तर मुंडकं कुणाचं उडालं असतं?

तळटीप: मुंडकं त्याचं, मान्य. पण गुलामाला 'नाही जात' म्हणायची सोय होती का? हुकूम पाळला, एवढंच. शिवाय थाप तरी कुठे पूर्ण थाप होती? पेलोपोनीजवाले, म्हणजे दक्षिण ग्रीसचे साथीदार, खरंच कोरिंथकडे निघायच्या बेतात होते. आणि ग्रीक नाटककार इस्किलसच्या याच लढाईवरच्या इ.स.पू. ४७२ च्या नाटकात तो नुसता 'एक ग्रीक माणूस' आहे.

बखरवेडा: नाटकात बोलतो तो पर्शियन जासूद, त्याला नाव कुठून कळणार! आणि सोय नव्हती कशी? पलीकडच्या तीरावर उतरल्यावर 'मालकाने खोटं बोलायला पाठवलंय' एवढं म्हणायचा अवकाश, पर्शियन राजा झर्क्सीसने सोन्याने मढवला असता. तो ते बोलला नाही. यालाच मी निवड म्हणतो.

तळटीप: हा मुद्दा बिनतोड, पण बक्षीस बघा ना. पैसा दिला, नागरिकत्व मात्र थेस्पियाईचं. थर्मोपिलीच्या लढाईत ७०० माणसं गमावलेलं, पर्शियनांनी जाळलेलं गाव, त्यांना माणसं हवीच होती. अथेन्सचं का नाही दिलं?

दर्यावर्दी: दुसरी खेप विसरलात दोघंही. लढाईनंतर हाच सिकिनस पुन्हा झर्क्सीसकडे: हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवरचे, तुमच्या परतीच्या वाटेचे पूल तोडायला निघालेल्या ग्रीकांना माझ्या मालकाने थोपवलं. ज्याच्या शब्दावर आरमार बुडालं तोच परत दारात! चरित्रकार प्लूटार्कने इथे अर्नाकीस नावाचा कैदी खोजा पाठवलाय, ते जास्त पटतं. पुढे हद्दपार झाल्यावर थेमिस्टोक्लीसने झर्क्सीसच्या पोराकडे आसरा मागितला तो याच उपकारांच्या जोरावर. दोन्ही डगरींवर हात.

बखरवेडा: दुसरी खेप मलाही पचत नाही. पहिली कुणी नाकारत नाही ना?

तळटीप: नाही. पण ग्रीकांना वेढा पडल्याची खात्री पटली ती टेनोस बेटाचं एक जहाज पर्शियनांना सोडून आलं तेव्हा. तेवढ्यावर टेनोसचं नाव डेल्फीच्या सर्पस्तंभावर, ग्रीकांच्या विजयस्मारकावर, कोरलं गेलं, आज तो इस्तंबूलमध्ये आहे. थेस्पियाईचंही नाव आहे त्यावर. सिकिनसचं शोधून दाखवा.

बखरवेडा: थेमिस्टोक्लीसचं तरी कुठे आहे! त्या यादीत नुसती नगरं आहेत.