अनुभव धागा: तुमचं कोकण कुठे संपतं?

सडाकातळ
काल आंबोली घाटात एसटीच्या खिडकीतून धुकं आत आलं आणि आजोबा आठवले. सातवीत असताना त्यांनी हिरण्यकेशीच्या उगमावर नेलं होतं. गुहेतल्या गार पाण्यात हात धरायला लावून म्हणाले, "ह्या पाणी आपल्या दर्याक जावचा नाय." खरंच, ते घटप्रभेतून कृष्णेला मिळतं आणि थेट बंगालच्या उपसागरात जातं. वेंगुर्ल्याचा समुद्र इतका जवळ असून! डोंगराची धार म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तुमची हद्द कुठली? लिहा.

खाडीकाठ
आमची पाण्याची. सावित्रीच्या अलीकडे बाणकोट, रत्नागिरी जिल्हा. पलीकडे बागमांडला, रायगड. आत्या तिकडे दिलेली. तिच्या पडवीतला दिवा आमच्या अंगणातून दिसायचा. ती गेली त्या रात्री खाडी ओलांडायची तर (होडी) बंद होती. पहाटेपर्यंत आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत बसलो.

भातलावणी
खाडीकाठ, वाचून गलबललं हो.

व्हाळ
सडाकातळ, ती बेळगाव गाडी काय? सकाळची सुटता अजून? माका बुधवारी जावचा आसा.

चिपळूणकरीण
आमच्याकडे तर माणसाने धारच ओलांडली. कोयना खरी कृष्णेला मिळणारी, पण धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत येतं. बाबा वीजघरात होते. भर मे महिन्यात नदी वाहती दिसली की म्हणायचे, हे घाटावरचं पाणी. 2021 च्या पुरात त्यांचे सगळे फोटो गेले. पोळ्या राहिल्यात, नंतर लिहिते.

चिरेखाण
वडील म्हणत, चिरा (जांभा दगड) संपला की कोकण संपलं. साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की काळा दगड, तिथे आमची हत्यारं चालत नाहीत.

भातलावणी
चिरेखाण, जांभा आंबोलीच्या माथ्यावरही आहे, पाचगणीच्या टेबललँडवरही. पण वडिलांचं वाक्य आवडलं, आमच्या घराचे चिरे सड्यावरचेच, म्हणजे कातळाच्या माळावरचे.

सडाकातळ
व्हाळ, माझी कोल्हापूरची होती. सावंतवाडी स्टँडवर विचारा. चिपळूणकरीण, फोटोंचं ऐकून वाईट वाटलं. नातेवाइकांकडे प्रती असतील का?

चिपळूणकरीण
मामाकडे एक सापडला. वीजघराच्या दारात उभे आहेत, हातात डबा.

खाडीकाठ
आता वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. आतेभाऊ पडवीत अजून दिवा लावतो.