कंट्रोलचं धान्य, गॅसची टाकी: खान्देशातले अनुभव लिहा

धागा काढतोय. रेशन आणि गॅसच्या सबसिडीत काय बदलायला हवं, हे मत म्हणून नको. तुमच्या दारात काय घडलं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या मावशींना उज्ज्वला योजनेतली गॅसची टाकी मिळाली, तरी चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्याच जळतात. विचारलं तर म्हणाल्या, "टाकी शे, पन भराले पैसा नही ना." सरकारचे 300 रुपये खात्यात येतात, पण मागून. आधी पूर्ण किंमत मोजायची ती कापूस वेचणीच्या दिवसांतच जमते. आषाढात कुठून आणणार?

चोपडा तालुका : माझ्या आईचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली. दुकानदार भला माणूस, फडक्याला खोबरेल लावून बोट पुसायला सांगतो. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला की रांगेतल्या बाया हसतात. ओटीपीची सोय आहे म्हणे, पण नंबर भावाचा, आणि भाऊ सुरतेला.

धडगाव : दिवाळीनंतर अर्धा पाडा कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातो. कार्ड देशभर चालतं हे खरं. पण आमच्या शेजाऱ्यानं तिकडं दोघांचं धान्य मागितलं, तर यंत्रात दिसलं की या महिन्याचं सगळं उचललंय. इकडं म्हातारीनं नेहमीसारखं अख्ख्या घराचं आणलेलं. चूक कुणाचीच नाही. माणशी वाटा वेगळा काढता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जळगाव शहर : मी केसरी कार्डवाला, धान्य मिळत नाही. धान्यासाठी शहरात 59 हजार, गावात 44 हजार वर्षाचं उत्पन्न, ही मर्यादा 2013 च्या कायद्याबरोबर आली. 44 हजार म्हणजे महिन्याला पावणेचार हजारही नाहीत! एवढ्यात घर चालवणारा मला तरी माहीत नाही. म्हणून दाखले काढताना सगळेच खोटं लिहितात, आणि जो खरं लिहितो तो बाहेर.

शिरपूर : फुकट गहू-तांदूळ नाकारत नाही. पण आम्ही भाकरी खाणारी माणसं. दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, बाजारातून विकत आणतो आणि कंट्रोलचा तांदूळ कोंबड्यांना जातो. (रागवा खुशाल.) ज्वारी द्या, निम्मी द्या.

यावल : धान्याऐवजी खात्यात रोख द्या म्हणणाऱ्यांना एकच विचारते. माझी गॅसची सबसिडी तीन महिने कुठं जात होती? आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं, त्याच खात्यात. ते खातं शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, पासबुक पोरीच्या दप्तरात.