गोष्ट तिथे संपत नाही

ताल्मुद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात एक गोष्ट आहे: धर्मनियमावरच्या एका वादात आकाशवाणी रब्बी (धर्मगुरू) एलिएझरांच्या बाजूने झाली, तरी बाकीच्या रब्बींनी ‘तोरा (ज्यूंचं धर्मशास्त्र) स्वर्गात नाही’ म्हणत बहुमताने अर्थ ठरवला. पण ती येते कुठे? ताल्मुदाच्या ‘बाबा मेत्झिया’ या भागात, शब्दांनी मन दुखावण्याच्या चर्चेत. घ्यायचं नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, हेही तिथलंच.

हरलेल्या एलिएझरांना वाळीत टाकलं. कळवायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून गेले, चार हात दूर बसले. “सहकारी तुमच्यापासून लांब झालेत असं वाटतं,” एवढंच म्हणाले. एलिएझरांनी अंगावरचे कपडे फाडले, जोडे काढले, जमिनीवर बसून रडले. पुढे रब्बींचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांच्या जहाजावर मोठी लाट आली. ते उभे राहून देवाला म्हणाले, एलिएझरांना वाळीत टाकणं मी माझ्या मानासाठी नाही, इस्राएलात तंटे वाढू नयेत म्हणून केलं. समुद्र शांत झाला. म्हणजे हेतू शुद्ध होता, हे ताल्मुदलाही मान्य आहे. तरी दुखावलेला माणूस दुखावलेलाच राहिला, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एलिएझरांच्या पत्नी इमा शालोम त्यांना जमिनीवर पडून आर्त प्रार्थना करू देत नसत. गम्लिएल हे इमा शालोम यांचे भाऊ; दुखावलेल्या नवऱ्याची प्रार्थना भावाला भोवेल, ही त्यांना भीती. एक दिवस त्यांचं लक्ष चुकलं, एलिएझरांनी ती प्रार्थना केली, आणि गम्लिएल वारले.