पहिल्या वर्षाच्या खेळाडूला मिनिटे का मिळत नाहीत? कॉलेज बास्केटबॉलवरील एका लेखाला उत्तर

माजी मॅनेजर

या चर्चामंचावर, मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या धाग्यावर, एका सदस्याने लिहिले आहे की, अमेरिकी विद्यापीठांतील बास्केटबॉल प्रशिक्षक पहिल्या वर्षाच्या मुलांना बाकावर बसवतात ते केवळ अहंकारापोटी आणि ज्येष्ठतेच्या हट्टापोटी. अंगात गुण असलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून खेळवलेच पाहिजे, आणि जो खेळवत नाही तो प्रशिक्षक भित्रा आहे. त्या लेखाला तिथे पंचवीस जणांनी मान डोलावलेली पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

पदव्युत्तर शिक्षण घेताना मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील (मिडवेस्ट) एका विद्यापीठाच्या पुरुष संघाचा विद्यार्थी मॅनेजर होतो. सरावाचे घड्याळ लावणे, चित्रीकरणातले तुकडे वेगळे काढणे आणि बचावात कोण कुठे चुकला याची नोंद ठेवणे, हे माझे काम होते. प्रेक्षकाला सामन्यातली ४० मिनिटे दिसतात. प्रशिक्षकाला मात्र हंगामात आठवड्याला नियमाने मिळणारे २० तास दिसतात आणि निर्णय तिथे होतो. एका सामन्यात वाटायला एकूण २०० मिनिटे असतात, कारण मैदानात एका वेळी पाचच जण उभे राहू शकतात. पहिल्या सात जणांनी त्यांतली १७५ घेतली तर उरलेल्या साऱ्यांना मिळून २५ राहतात, आणि ती वाटताना कोणाचे तरी मन दुखावणारच.

शाळेत सामन्याला तीस गुण करणारा मुलगा विद्यापीठात येतो तेव्हा त्याला गुण कसे करायचे हे शिकवावे लागत नाही. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना आपण कुठे उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्याने स्क्रीन लावली, म्हणजे वाटेत उभे राहून आपल्याला अडवले, की त्याच्या वरून जायचे की खालून, आणि शॉट सुटल्यावर चेंडूकडे बघत न राहता आधी आपला माणूस अंगाने अडवायचा, हे त्याला शिकवावे लागते. यात एकाची चूक पाचांना भोवते. २०१२ च्या अंतिम सामन्यात केंटकी विद्यापीठाच्या अँथनी डेव्हिसने मारलेल्या दहा शॉटपैकी एकच बास्केटमध्ये गेला आणि त्याने अवघे सहा गुण केले. तरीही प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी त्याला मैदानात ठेवले, कारण त्याने सोळा रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू) घेतले आणि सहा शॉट अडवले. तो पहिल्याच वर्षाचा होता आणि स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. म्हणजे अडचण वयाची नाही.

ज्यांची तयारी नसते त्यांना थांबवण्यात क्रौर्यही नाही. व्हर्जिनियाच्या डिआंद्रे हंटरने पहिले पूर्ण वर्ष, २०१६-१७ चा हंगाम, एकही सामना न खेळता सरावात काढला. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने २७ गुण केले, विद्यापीठ अजिंक्य ठरले आणि त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगमधील संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत तो चौथा गेला. विस्कॉन्सिनच्या फ्रँक कामिन्स्कीची पहिल्या वर्षाची सरासरी दोन गुणांचीही नव्हती. चौथ्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू ठरला. या दोघांना थांबवणारे प्रशिक्षक भित्रे होते असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने पुराव्यासह म्हणावे.

चॅपेल हिलचा शेजारी

आपण आपल्याला सोयीची दोन नावे निवडलीत. कामिन्स्की आपल्या चौथ्या वर्षी, २०१५ मध्ये, ज्या अंतिम सामन्यात हरला त्या सामन्याविषयी आपण गप्प का आहात? आमच्या शेजारच्या प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाचे नाव घेताना मला आनंद होत नाही, परंतु त्या दिवशी ड्यूकच्या ६८ गुणांपैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी केले. त्यांतला ग्रेसन ॲलन हंगामभर सामन्याला सरासरी नऊ-दहा मिनिटांपलीकडे खेळला नव्हता. जानेवारीत एक खेळाडू संघातून गेला आणि शिष्यवृत्तीवरचे आठच जण उरले, तेव्हा कुठे त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. अंतिम सामन्यात ड्यूक नऊ गुणांनी मागे असताना त्याने सलग आठ गुण करून सामना फिरवला आणि एकूण सोळा केले. सरावाच्या त्या वीस तासांत सर्व काही दिसत असेल, तर ड्यूकच्या माइक शिशेवस्कींसारख्या प्रशिक्षकालाही हा मुलगा जानेवारीपर्यंत का दिसला नाही?

माझा मुद्दा साधा आहे. अनुभव नाही म्हणून मिनिटे नाहीत आणि मिनिटे नाहीत म्हणून अनुभव नाही, या चक्राला आपण ‘तयारी’ असे भारदस्त नाव देत आहात. आमच्या गावच्या विद्यापीठाचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाचा, मार्व्हिन विल्यम्स २००४-०५ मध्ये एकदाही सुरुवातीच्या पाचात नव्हता, तरी प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांनी त्याला सरासरी २२ मिनिटे दिली, संघ अजिंक्य ठरला आणि मुलगा एनबीएच्या निवडीत दुसरा गेला. बाकावरून आत आणणे वेगळे आणि बाकावर विसरून जाणे वेगळे.

आकडेमोड

दोघांनीही एका गोष्टीला स्पर्श केलेला नाही, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची सर्वांत जास्त मिनिटे तिथेच जातात. पाच फाउल झाले की खेळाडू सामन्यातून बाद होतो, म्हणून पहिल्या सत्रात दोन फाउल झाले की त्याला मध्यंतरापर्यंत बसवायचे, हा अलिखित नियम बहुतेक प्रशिक्षक डोळे मिटून पाळतात. नवखा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) सहाव्या मिनिटाला दुसरा फाउल करतो आणि पुढची चौदा मिनिटे बसतो. दुसऱ्या सत्रात तो जपून खेळतो आणि सामना संपतो तेव्हा त्याच्या नावावर तीन फाउल असतात. पाचवा फाउल होऊन तो बाहेर गेला असता तर त्याची मिनिटे गेली असती, या भीतीने प्रशिक्षकाने ती स्वतःच्या हाताने आधीच घालवली. आठव्या मिनिटाची बास्केट दोन गुणांची असते आणि अडतिसाव्या मिनिटाचीही दोनच गुणांची. उंच आणि नवखी मुले जास्त फाउल करतात, त्यामुळे हा नियम सर्वांत जड त्यांनाच जातो.

नागपाड्याचा जुना गार्ड

आकडेमोड, आपण कधी शेवटची तीन मिनिटे मैदानात उभे राहून खेळला आहात का? मुंबईत नागपाड्याच्या कोर्टावर वाढलेला माणूस म्हणून सांगतो, शेवटची मिनिटे इतर मिनिटांसारखी नसतात. तेव्हा चेंडूचा प्रत्येक ताबा मोजून मापून खेळला जातो आणि चेंडू कोणाच्या हातात असावा हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. एका आंतरविद्यापीठ सामन्यात आमच्या प्रशिक्षकांनी आमच्या सर्वोत्तम सेंटरला चार फाउल असताना विश्रांतीशिवाय खेळवले. पाचवा फाउल झाला, तो बाहेर गेला, आणि पुढे आमच्याकडे रिबाउंड घेणारा कोणी उरला नाही. तो सामना आम्ही एका गुणाने हरलो आणि त्या रात्रीच्या रेल्वेप्रवासात कोणी कोणाशी बोलले नाही. कागदावर सर्व मिनिटे सारखी असतील. पायांना ती सारखी वाटत नाहीत.

दुसरे असे की, पंच नवख्याला सवलत देत नाहीत. तेच हात लावणे चौथ्या वर्षाच्या नावाजलेल्या खेळाडूला माफ होते. हे अन्याय्य आहे, पण प्रशिक्षकाला आहे त्या पंचांतच सामना जिंकायचा असतो.

आकडेमोड

एका सामन्याच्या आठवणीवर आपण सबंध खेळाचा निवाडा करत आहात, आणि वर ‘मैदानात उभे राहिलात का’ असे विचारून माझे तोंड बंद करू पाहत आहात. मी खेळलो की नाही यावर अंकगणित बदलत नाही. आपल्या सेंटरला चार फाउल असताना बसवले असते, तर तो तेवढीच किंवा त्याहून जास्त मिनिटे बाहेर राहिला असता. फरक इतकाच की त्या वेळी आपण ‘प्रशिक्षकांनी जपून घेतले’ असे म्हणाला असता. प्रशिक्षकावर दोष येऊ नये यासाठीच हा नियम टिकून आहे. बसवलेल्या खेळाडूमुळे सामना गेला तर कोणी जाब विचारत नाही. बाहेर गेलेल्यामुळे गेला तर पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न तोच असतो.

वर २०१५ च्या सामन्याचा विषय निघालाच आहे, तर त्यातच पाहा. ड्यूकचा सेंटर जहलिल ओकाफोर दुसऱ्या सत्रात चार फाउलमुळे बराच वेळ बसून होता. शेवटची तीनेक मिनिटे उरली असताना शिशेवस्कींनी त्याला चार फाउल असतानाच आत आणले आणि त्याने लागोपाठ दोन बास्केट केल्या.

नागपाड्याचा जुना गार्ड

त्या उदाहरणाने माझेच म्हणणे सिद्ध होते. त्याला राखून ठेवले म्हणूनच तो शेवटी उपलब्ध होता. तो बसला म्हणून ॲलनसारख्यांना जागा मिळाली, हेही विसरू नका. या धाग्याचा विषय राखीव खेळाडूंची मिनिटे हा असेल, तर एकाचा फाउल ही दुसऱ्याची संधी असते.

लेकीची आई, ओहायो

दोन फाउलांच्या वादात आपण सगळे इतके गुंतलात की ज्यांना एक मिनिटही मिळत नाही त्या मुलांचा विषय मागे पडला. माझी मुलगी अमेरिकी विद्यापीठ खेळांच्या तिसऱ्या विभागातल्या एका छोट्या महाविद्यालयात खेळते. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मुली हौसेने खेळतात आणि फी आम्ही भरतो. पहिल्या वर्षी ती पहाटे सहाच्या सरावाला कधी चुकली नाही, आणि संघ वीस गुणांनी पुढे असतानाही तिला आत बोलावले गेले नाही. आम्ही हिवाळ्यात बर्फातून गाडी हाकत जायचो आणि ती वॉर्मअपचे जॅकेट अंगातून न काढता सामना संपवायची. मला राग मिनिटांचा नाही. ‘तुझे काय कमी पडते आहे’ हे तिला कोणी सांगितले नाही, याचा आहे. विचारायला गेली तेव्हा ‘धीर धर’ एवढेच उत्तर मिळाले. माजी मॅनेजरांच्या वहीत जर कोण कुठे चुकले याची इतकी काटेकोर नोंद असते, तर ती वही त्या मुलांना दाखवली जाते का?

माजी मॅनेजर

ताई, आपल्या मुलीच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु पालक सामना पाहतात तेव्हा ते एकाच खेळाडूला पाहतात, हेही खरे आहे. वीस गुणांच्या आघाडीवरही प्रशिक्षक नेहमीचे पाच जण ठेवतो, कारण पुढच्या सामन्यासाठी त्याला एखादी रचना पक्की करून घ्यायची असते. बाहेरून ते निर्दय दिसते.

लेकीची आई, ओहायो

मी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता आपण मला पालकांच्या डोळ्यांविषयी प्रवचन दिलेत. मी माझ्या मुलीसाठी जागा मागितली नव्हती. तिच्या शेजारी बसलेल्या आणखी चार मुलींनाही कोणी काही सांगितले नव्हते, आणि त्यांतल्या दोघींनी पुढच्या वर्षी खेळ सोडला. सोळा जणींचा संघ असाच घटत दहाच्या खाली गेला तर सरावाला पाच-पाच जणींचे दोन संघ उभे करणेही कठीण जाते, हे आपल्यासारख्या मॅनेजर राहिलेल्या माणसाला मी सांगायला नको. वही दाखवली जाते की नाही?

चॅपेल हिलचा शेजारी

ताईंचा प्रश्नच मूळ प्रश्न आहे. प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलिनात एक पद्धत ठेवली होती: दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, म्हणजे त्याला बाहेर घेतले जाई, आणि तयार झाल्यावर परत जायचे की नाही हे तो स्वतः सांगे. त्यामुळे बाहेर बसणे ही शिक्षा राहिली नाही आणि राखीव खेळाडूंना आपली पाळी केव्हा येते हे कळू लागले. त्याच स्मिथ यांनी १९८२ मध्ये पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनला सुरुवातीच्या पाचात ठेवले होते आणि अंतिम सामन्याचा निर्णायक शॉट त्यानेच टाकला. केंटकीने २०१४-१५ च्या आरंभी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आळीपाळीने खेळवल्या. एका खेळाडूच्या दुखापतीनंतर ती व्यवस्था तशीच राहिली नाही, पण संघ लागोपाठ ३८ सामने जिंकला. पुढे एनबीएत नावाजलेला डेव्हिन बुकर त्या वर्षी बाकावरूनच येत होता. मिनिटे उघडपणे वाटता येतात. बहुतेकांना ती वाटायची नसतात, कारण न सांगण्यात सत्ता असते.

माजी मॅनेजर

केंटकीच्या त्या संघातले सहा जण एकाच वर्षी एनबीएच्या निवडीत गेले. तसा संघ कोणाच्या नशिबी येतो? आणि सत्ता म्हणाल तर ती आता मुलांकडे गेली आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले, २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बसण्याची अट राहिली नाही आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलले तरी ती लागू होत नाही. मिनिटे मिळाली नाहीत तर मुलगा एप्रिलमध्ये निघून जातो. प्रशिक्षकही मग अठरा वर्षांच्या मुलाला घडवण्याऐवजी दुसरीकडे तीन वर्षे खेळलेला बावीस वर्षांचा खेळाडू आणतो. आज पहिल्या वर्षाच्या मुलाची स्पर्धा स्वतःच्या संघातल्या ज्येष्ठाशी नसून देशभरातल्या ज्येष्ठांशी आहे, आणि हंटरसारखे एक वर्ष नुसता सराव करायला आता कोण थांबेल, हा मला खरोखर छळणारा प्रश्न आहे.

ताईंना उत्तर: आमच्या संघात वही सहायक प्रशिक्षकांपर्यंत जात असे, मुलांपर्यंत जात नसे. जायला हवी होती, एवढे मी मान्य करतो. त्यावरून प्रशिक्षकाचा निर्णय चुकीचा होता असे ठरत नाही.

लेकीची आई, ओहायो

एवढेच मान्य करायला आपल्याला इतका वेळ लागला. निर्णय चुकीचा होता असे मी कुठेही लिहिलेले नाही. वर जाऊन पुन्हा वाचा. तिने पुढच्या उन्हाळ्यात स्वतः सामन्यांचे चित्रीकरण मागून घेतले आणि एकटीने बसून पाहिले, तेव्हा तिला कळले की ती स्क्रीनमध्ये दर वेळी अडकत होती. हे सांगायला कोणाला पाच मिनिटे लागली असती.

आकडेमोड

दोन फाउलांवर अजून कोणी उत्तर दिलेले नाही. गार्डसाहेबांनी राखीव खेळाडूची संधी म्हटली ती मी मान्य करतो, पण ती योगायोगाने मिळालेली संधी आहे. प्रशिक्षकाला राखीव सेंटरला दहा मिनिटे द्यायचीच असतील, तर ती सामन्याआधी ठरवून द्यावीत आणि त्या मुलाला तसे सांगावे. पंचाची शिट्टी वाजल्यावर, थंड पायांनी त्याला आत ढकलू नये.

नागपाड्याचा जुना गार्ड

ठरवून द्यावीत, इथपर्यंत मी येतो. पण शेवटची पाच मिनिटे त्या हिशेबातून वगळा. ती मी कोणालाही आधी कबूल करणार नाही.