पिशवीतल्या नमुन्याबद्दल

ताई, तापलेल्या बाळाला पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू दिसले म्हणून लगेच लघवीचा संसर्ग पक्का धरू नका. कातडीवरचे जंतूही त्यात उतरतात. त्यापेक्षा बाळाला धुऊन-पुसून ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेला बोळा गोल फिरवायचा नि निर्जंतुक डबी धरून बसायचं. काही बाळांची धार मिळते अशी. नाहीच जमलं तर डॉक्टर नळीने घेतात. लेकरू फार मलूल नसेल तर अँटिबायोटिक नमुन्यानंतरच. आपल्याकडे तालुक्याहून डबी लातूर-परभणीला जाते, त्यात एप्रिलचं ऊन! तासाभरात पोचणार नसेल तर बर्फाच्या डब्यात द्या. आणि सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवीचा संसर्ग असू शकतो, तेव्हा ‘दात येतायत’, ‘उन्हाळी लागली’ म्हणत धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत. तीन महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर तडक दवाखाना.