दादाच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे बर्फाचं ब्लेड

दादा: सगळ्यांना विचारतोय, खास करून मामा आणि काकांना. घरासोबत तो जुना फोर्ड 8एन ट्रॅक्टर आलाय ना, त्याला पुढे बर्फ सरकवायचं ब्लेड बसवायचा विचार आहे. दारापासून रस्त्यापर्यंत लांबच लांब खडीची वाट आहे, फावड्याने होण्यासारखं काम नाही. ब्लेड जुनं मिळालंय, 6 फुटी, त्याला स्वतःची ए आकाराची फ्रेम आहे पण ट्रॅक्टरला धरणारं काहीच नाही. पुढच्या एक्सलला दोन मजबूत क्लॅम्प मारून बसवता येईल का?

मामा: एक्सलला नाही. अजिबात नाही. फोटो पाठव आधी, खालून पण काढ.

काका: मामा म्हणतायत ते बरोबर. आपल्याकडे लेव्हलिंगला डोझर लावायचो तेव्हा त्याचे दोन्ही लांब चॅनेल, म्हणजे खाचेच्या आकाराचे लोखंडी बार, थेट मागच्या एक्सलच्या हाऊसिंगपर्यंत नेलेले असायचे, पुढे नुसता आधार

दादा: फोटो टाकलेत. मामा पण एक्सल तर चांगला जाड दिसतोय

मामा: अरे जाड असून उपयोग काय, तो मधल्या पिनवर डुलतो ना. एक चाक खड्ड्यात गेलं की एक्सल तिरका होणार आणि त्याच्यासोबत ब्लेडपण तिरकं होणार, म्हणजे एक कोपरा खडीत घुसणार आणि दुसरा हवेत. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नाहीये. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स, मागचं एक्सल हे सगळं एकमेकांना बोल्टने जोडलेलं, तेच त्याचं अंग. 8एन 1947 ते 1952 मध्ये बनला, पण ही पद्धत 1917 च्या फोर्डसनपासूनची. नांगर मागे ओढायचा तर जोर मागेच लागतो, मागेच संपतो, इंजिनाला काही कळत नाही. ब्लेड पुढे लावलं की खडकाला ठेचलेला सगळा दणका पुढून इंजिनच्या जोडातून मागे जायला बघतो. तो जोड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, बीड वाकत नाही, तडकतं.

मी: दादा म्हणजे प्रश्न ब्लेड कशाला अडकवायचं हा नाहीये, ब्लेडचा दणका कुठे जाऊन संपणार हा आहे. ढकलायचा जोर मागची चाकं लावतात, मग समोरून येणारा धक्काही मागच्या एक्सललाच परत मिळाला पाहिजे, मधल्या कुणाला नाही.

मामा: बरोबर बोलला

दादा: मग फ्रेम लांब करावी लागेल, दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत?

मामा: हो. दोन चॅनेल, डावीकडून एक उजवीकडून एक, मागे दोन्ही एक्सल हाऊसिंगला प्लेट आणि बोल्टने धरायचे, इंजिनच्या खालून एक आडवा तुकडा टाकून दोघांना बांधायचं म्हणजे आपापले नाचणार नाहीत. पुढे जिथे एक्सलची पिन बसते त्या बिडाच्या सपोर्टला मूळचीच बोल्टची भोकं असतील ती वापर. तिथे चॅनेल नुसता टेकवून धरायचा, खाली-वर आणि बाजूला हलू नये एवढंच त्याचं काम. नवीन भोक पाडू नको आणि बिडाला वेल्डिंग तर कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी नको. वेल्डिंग जे काय ते चॅनेलवर, आणि ते चॅनेल ट्रॅक्टरवरून काढून खाली ठेवून.

ताई: एक्सल डुलतो म्हणालात ना मामा, मग चॅनेल त्याच्या आड नाही येणार का

मामा: छान विचारलंस. यायला नको म्हणूनच आधी पुढचं एक चाक जॅकवर पूर्ण उचलून बघायचं, मग दुसरं, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघायचं. एक्सल, चाकं, रॉड, कशालाही चॅनेल लागता कामा नये. हे कागदावर कळत नाही, दोरी किंवा लाकडाची पट्टी बांधून बघ.

काका: ऑईल सोडायचा बोल्ट झाकला जाणार नाही ना ते पण बघ. आमच्या डोझरला तेच झालेलं, दर वेळी ऑईल बदलायला फ्रेम सैल करायला लागायची, शेवटी लोक ऑईल बदलायचंच टाळतात

वहिनी: आणि रेडिएटरसमोर? ब्लेड वर उचललं की हवा अडेल का? मीही चालवणार आहे हा ट्रॅक्टर म्हणून विचारतेय

मामा: थंडीत तेवढं चालतं, पण उडालेला बर्फ जाळीत बसला तर तापेल, तेव्हा तापमानाचा काटा बसवलेला असेल तर मध्ये मध्ये त्याच्याकडे लक्ष ठेव पोरी, आणि जाळी हाताने साफ करून घ्यायची.

दादा: बरं ब्लेड 6 फुटी पुरेल का? मागची चाकं बाहेरून बाहेर मोजली, 64 इंच आहेत

मी: सरळ ठेवलंस तर 72 इंच, पुरतं. पण तू वाटेवरून बर्फ एका बाजूला टाकणार म्हणजे ब्लेड तिरकं करणार. 30 अंशावर तिरकं केलं की त्याची रुंदी 72 गुणिले 0.87, म्हणजे साधारण 62 इंच राहते. चाकं 64. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच चाक न काढलेल्या बर्फावरून जाणार, तो दाबून कडक होणार आणि मग तो कशानेच निघत नाही. 25 अंशावर 65 इंच मिळतात, जेमतेम. त्यामुळे एक तर तिरकं करायची भोकं 25 अंशावरच ठेव किंवा चाकांचं अंतर कमी कर, या ट्रॅक्टरला ते करता येतं.

मामा: चाकं आत घेऊ नको, उतारावर ट्रॅक्टर रुंदच बरा. 25 अंश ठेव.

दादा: ठरलं 25. आता उचलायचं कसं? हायड्रॉलिक मागे आहे फक्त, तीन-पॉइंट लिफ्टला, म्हणजे मागे अवजार टांगून उचलायच्या हातांना. पुढे द्यायला ऑईलची लाईनच नाही.

काका: मागच्या लिफ्टच्या हाताला वायररोप बांधून पुढे आणायची, कप्पीवरून. मागचा हात वर गेला की पुढचं ब्लेड वर. बिनखर्ची

मी: काका ते चालतं, पण 8एनचा हायड्रॉलिक पंप पीटीओवर चालतो, म्हणजे मागे जोडलेल्या यंत्राला इंजिनाचा जोर देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर. म्हणजे पीटीओ लावलेला असेल तरच लिफ्ट, आणि क्लच दाबला की पंप थांबला. दादा ढिगापाशी जाऊन क्लच दाबणार, ब्लेड वर घ्यायला बघणार, ते येणारच नाही. न्यूट्रल करा, क्लच सोडा, ब्लेड उचला, परत क्लच दाबा, रिव्हर्स टाका. प्रत्येक फेरीला.

मामा: हो पण तसंही ढिगाला भिडायच्या जरा आधी चालत्यातच ब्लेड उचलत न्यायचं असतं. म्हणजे बर्फ ढिगावर चढतो आणि ढीग उंच होतो, नाहीतर नुसता पसरत रस्त्यात येतो. चालत्यात पंप चालूच असतो.

वहिनी: म्हणजे मागे तो पीटीओचा शाफ्ट सतत उघडा फिरत राहणार? जॅकेट, मफलर, पाठीमागून कुणी आलं तर?

मामा: त्याला टोपी असते, आटे असलेली, ती नसेल तर आधी ती मिळव. ती नसताना पीटीओ लावायचाच नाही. बरं झालं विचारलंस.

ताई: वहिनी हेच मला पण वाटत होतं. आणि तिथे कुणी एकटं काम करत असेल तर कळणार कुणाला

मी: एक अजून अडचण आहे. मागच्या लिफ्टला दोरी बांधली की मागे वजन टांगता येत नाही, आणि वजन लागणारच. हिशोब बघा. ब्लेड फ्रेमसकट 180 किलो धरू, पुढच्या एक्सलच्या पुढे 90 सेंटीमीटरवर त्याचा भार. दोन एक्सलमधलं अंतर 70 इंच, म्हणजे 178 सेंटीमीटर. ब्लेड उचललं की तराजूसारखं होतं, मागच्या चाकांवरून साधारण 90 किलो उठतात आणि पुढच्या एक्सलवर 270 पडतात. जिथे पकड हवी तिथलंच वजन पळतंय. आणि पुढे किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन), बुश, बेअरिंग सगळं सत्तरपेक्षा जास्त वर्षांचं, पॉवर स्टिअरिंग नाही.

दादा: बापरे. ब्लेड खाली असताना पण?

मी: खाली असताना ते जमिनीवर टेकलेलं असतं त्यामुळे ट्रॅक्टरवर फारसं येत नाही. पण ते टेकलेलं राहिलं पाहिजे, म्हणजे दोरी किंवा साखळी ढिली सोडायची, जमीन वर-खाली झाली की ब्लेड आपोआप वर-खाली होऊ दे. जबरदस्तीने दाबून धरायचं नाही.

काका: मागे टायरमध्ये पाणी भर, आम्ही भरायचो

दादा: काका इकडे गोठेल ते

काका: अरे हो

मामा: कॅल्शियम क्लोराईडचं पाणी भरतात थंड मुलखात, जडही असतं आणि गोठत नाही, पण रिमला खातं. ट्यूब जराशी जरी झिरपली तरी रिम गेली समज, आणि या जुन्या रिमा मिळवायची दगदग करू नको. त्यापेक्षा चाकाला बाहेरून लोखंडाची वजनं बोल्ट कर आणि साखळ्या घाल. साखळ्या सगळ्यात आधी. दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला बर्फावर साखळी नसेल तर बाकी सगळं करून काही हाती लागत नाही.

मी: ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो असतो, ओला झाला की 300-400 वर जातो. 2 मीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर जाड थर, 10 मीटर ढकलला तर तीन घनमीटर. ताजा असेल तर 300 किलोच्या आतच, ओला असेल तर टन भरतो. दादा म्हणून बर्फ थांबायची वाट बघत बसू नकोस, पडत असतानाच एक फेरी, मग परत एक.

वहिनी: मग लिफ्टचं शेवटी काय ठरलं

दादा: मी विंच बघितलीये एक, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारी मोटर, 12 व्होल्टची. पुढे रेडिएटरच्या वर एक आडवा पाईप टाकून त्यावरून उचलता येईल

मामा: तुझा ट्रॅक्टर 6 व्होल्टचा, आणि त्याचा पॉझिटिव्ह बॉडीला आहे. विंच त्यावर नाही चालणार.

मी: वेगळी 12 व्होल्टची बॅटरी ठेव फक्त विंचसाठी, शेडमध्ये चार्ज करायची. तिची कुठलीच वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला लावायची नाही, दोन्ही जाड वायरी थेट विंचपर्यंत, बॅटरीजवळ फ्यूज. आणि विंचची मोटर बॉडीपासून अलग आहे ना ते घेतानाच विचार. मग क्लच, पीटीओ, काही संबंध नाही, मागची लिफ्ट मोकळी, तिथे काँक्रीटचा ठोकळा टांग. 180 किलोचा ठोकळा मागच्या एक्सलच्या मागे तेवढ्याच अंतरावर टांगला की मागच्या चाकांवरून उठलेलं वजन परत येतं आणि वर आणखी पडतं, पुढच्या एक्सलवर मात्र ब्लेडचे 180 किलो राहतातच.

मामा: हे आवडलं मला. पीटीओ बंद राहील, सुनबाईची काळजी पण मिटली. फक्त ब्लेड पूर्ण वर आल्यावर कुठेतरी अडलं पाहिजे याची सोय कर, आणि बटण तिथे सोडायचं, विंच ओढतच राहिली तर दोरी तुटते. आणि उचललेल्या ब्लेडखाली हात, पाय, डोकं काही नाही. काम करायचं तर लाकडाचे ठोकळे खाली, ब्लेड त्यांच्यावर टेकवायचं.

ताई: दगडाला लागलं तर काय होतं मामा? बर्फाखाली दिसणार नाही ना

मामा: ब्लेडच्या मागे स्प्रिंगा आहेत फोटोत, त्या त्यासाठीच. अडलं की ब्लेड वरून पुढे झुकतं, कडा मागे सरकून दगडावरून जाते आणि परत सरळ होतं. दादा, त्या गंजल्यात. काढून साफ कर, बिजागऱ्या हलतायत का बघ. हलत नसतील तर स्प्रिंग असून नसल्यासारखी आणि मग तो सगळा दणका तुझ्या चॅनेलला, बोल्टला. आणि स्प्रिंग काढताना समोर उभा राहू नको, ताण आधी सोड.

काका: वेगात जाऊ नका

मामा: माणूस भरभर चालेल तेवढा वेग. त्याच्यापुढे नाही.

दादा: खडीचं काय करू, सगळी खडी बर्फासोबत गवतात जाईल

मामा: ब्लेडला दोन्हीकडे खाली वाटीसारखे बूट असतात, घसरायचे. ते असे लाव की कडा जमिनीपासून इंचभर वर राहील. पहिल्या एकदोन बर्फात थोडा थर मागे राहू दे, तो खडीवर गोठून घट्ट बसला की मग कडा खाली आण. थंडी पडायच्या आधी वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवून ठेव, नाहीतर वाट कुठे संपते कळणार नाही.

मी: आणि पहिल्याच बर्फाला ढीग लांबवर नेऊन टाक. सुरुवातीला कंटाळा करून कडेलाच टाकला तर तो दगडासारखा गोठतो, पुढचा बर्फ टाकायला जागा उरत नाही आणि हिवाळाभर वाट अरुंद होत जाते.

वहिनी: सार्वजनिक रस्त्यावर लोटायचा नाही हे मी आधीच सांगितलंय त्याला

मामा: बरोबर. आता एक महत्त्वाचं. ब्लेडची ए फ्रेम ट्रॅक्टरच्या चॅनेलला जिथे पिनने जोडशील ती जागा अशी धर की ब्लेड जमिनीवर असताना ती फ्रेम जमिनीला समांतर दिसली पाहिजे. पिन उंच झाली तर ब्लेड तिरकं केलं की एक टोक जमिनीत रुतणार आणि दुसरं उचलणार, कडा एकीकडेच झिजणार. लोक इथेच चुकतात, वर सोयीची जागा दिसली की तिथे पिन मारतात. खाली आणायला लागली तर चॅनेलखाली प्लेट सोडून खाली आण आणि तिला मागे तिरका आधार दे.

दादा: बोल्ट कुठले घेऊ?

मामा: त्या ट्रॅक्टरला आटे इंची आहेत, मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे बसतो आणि मग आटे खातो, तसलं करू नको. डोक्यावर सहा रेघा असतात तो ग्रेड 8, तीन रेघांचा ग्रेड 5. पाचच्या खालचा नको. पहिली फेरी झाली की सगळे परत आवळायचे, आणि मग दर मोठ्या बर्फानंतर एकदा पाना फिरवायचा.

दादा: मामा उद्या उजेडात मापं घेतो. मागच्या हाऊसिंगवर फूटप्लेटचे बोल्ट आहेत तिथेच प्लेट बसवू का?

मामा: चारही बोल्टांचं एकमेकांतलं अंतर आणि जाडी मोजून टाक, ब्रेकच्या रॉडला प्लेट लागत नाही ना ते पण. आधी पुठ्ठ्याची प्लेट कापून लावून फोटो पाठव. मग लोखंड कापू.