ऑक्टाव्हिया आरएस २३०: नुसता मागचा एक्झॉस्ट बदलून २५ बीएचपी वाढतात का?

सातारी_आरएस:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० सेकंडहँड घेतली. ५२ हजार किमी पळालेली, अजून पूर्ण स्टॉक, काहीच बदललेलं नाही. एक गॅरेजवाला म्हणतोय, कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा पाइप तीन इंची स्टेनलेसचा टाकू, मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) काढू, मफलर बदलू, २५ बीएचपी कुठे जात नाहीत. खर्च ८५ हजार. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हात लावायचा नाही म्हणाला, म्हणून मलाही बरं वाटलं. आवाज पाहिजेच, खोटं कशाला बोलू. पण ताकद खरंच वाढते का? कोणी डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजून बघितलंय?

गडगडाट:
डोळे झाकून टाक भावा. मी टाकलाय, गाडी एकदम मोकळी झाली. बोगद्यात काच खाली घे आणि मजा बघ.

जुना_व्हीटेक:
गडगडाटराव, ‘मोकळी झाली’ हे कानांचं मत झालं. माझीही आरएस २३०च आहे आणि हाच उद्योग मी करून बसलोय. आधी आणि नंतर एकाच डायनोवर गाडी लावली. कागदावर ११ वाढलेले बघून त्या रात्री पार्टीही दिली. मग दोन्ही कागदांवरची वेळ वाचली: पहिला रन एप्रिलच्या भर दुपारचा, दुसरा सकाळी साडेसातचा. गार हवेत टर्बो गाडी (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरणारा पंखा जिच्या इंजिनात जादा हवा कोंबतो ती) तशीही जोरात पळते. पुन्हा दुपारी गेलो, पंखा त्याच जागी, गाडी तेवढीच तापलेली, तीन रन घेतले. फरक उरला दोन-तीनचा. तेवढा तर लागोपाठच्या दोन रनमध्येही पडतो.

असं का, ते सांगतो. या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा गॅस गोळा करणारा भाग) वेगळा नाहीच, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलाय आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. म्हणजे हेडर, अर्थात बाजारातला मोकळा मॅनिफोल्ड, बदलायचा विषय संपला. हेडमधून गॅस थेट टर्बोत, आणि टर्बोला चिकटून कॅट. जी काय अडवणूक आहे ती तिथे. तू बदलणार तो पाइप त्याच्याही मागे. नळ अर्धाच उघडायचा आणि पुढे जाड पाइप जोडायचा, त्यातली गत.

बरं, समजा डाउनपाइपही (टर्बोला जोडलेला, कॅट असलेला पाइप) मोकळा टाकलास. टर्बोतली टर्बाइन फिरते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब उतरला की टर्बो लवकर जागा होतो, हे मान्य. पण बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, किती द्यायचा ते ईसीयूच्या मॅपमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये, ठरलेलं असतं. तेवढा भरला की वेस्टगेट उघडतो आणि उरलेला गॅस टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. पिस्टनला गॅस बाहेर ढकलायला कष्ट कमी पडतात, त्याचं थोडंफार मिळतं. जास्त मागायचं तर मॅपच बदलावा लागतो, आणि तो स्टॉक पाइपावरही बदलता येतो. मात्र गाडीचा टॉर्क आधीच ३५० न्यूटन-मीटर आहे, तेव्हा डीएसजीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, क्लचचाही विचार त्याच वेळी करायचा.

माझं नाव बघून कोणी विचारेलच, म्हणून जुनी फजितीही सांगून टाकतो. आधी होंडा सिटी व्हीटेक होती, १.५ लिटर, १०६ बीएचपी, टर्बो नाही. तिला हौसेने जाड पाइप लावला. आवाज वाघाचा, पण खंबाटकीत तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागायची. मित्र म्हणाले, इंजिनाला बॅक प्रेशर लागतं. अरे, बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं! बिनटर्बोच्या इंजिनाला गॅसचा वेग लागतो. एका सिलिंडरचा लोट वेगाने निघून गेला की त्याच्यामागे दाब उतरतो आणि पुढच्या सिलिंडरमधला गॅस ओढला जातो. पाइप नको तितका जाड केला की गॅस रेंगाळतो, गार होतो, कमी आरपीएमला ती ओढच राहत नाही. टर्बाइननंतर या लाटांचा खेळ फारसा उरत नाही, म्हणून आरएसला जाड पाइप बाधत नाही. पण बाधत नाही म्हणजे २५ बीएचपी देतो असं नाही ना.

सातारी_आरएस:
काय राव, पार हवाच काढली. मग कॅट काढलेलाच डाउनपाइप टाकला तर? गॅरेजवाला त्यालाही तयार आहे.

पीयूसी_पीडित:
तेवढं करू नको भाऊ. मी केलं होतं. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा, कोड पी०४२०, कारण मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कॅट काम करत नसल्याचं कळतं. दिवा सॉफ्टवेअरने झाकला, पण पीयूसीच्या नळीला काय सांगणार? दोनदा नापास झालो आणि जुना पाइप परत बसवला. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच: आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो पेपरात बघितले असशीलच.

जुना_व्हीटेक:
आवाजाची एक गंमत सांगायची राहिली. आरएसमध्ये आत बसून जो घुमतो ना, त्यातला बराचसा पुढच्या काचेच्या बुडाशी बसवलेलं एक यंत्र काढतं. स्पोर्ट मोडला ते जोर धरतं. माझ्या बायकोला हे कळल्यापासून ती गाडीला ‘तुमचा हार्मोनियम’ म्हणते.

८५ हजार आवाजासाठी घालायचे असतील तर खुशाल घाल, मीही घातलेत. फक्त रेझोनेटर ठेव. तो काढलास तर हायवेच्या वेगाला केबिनमध्ये एकसुरी घूं घूं होते आणि मुंबईपर्यंत डोकं उठतं. आणि गॅरेजवाल्याला सांग, त्याच दिवशी, त्याच दुपारी, आधी तीन आणि नंतर तीन रन. २५ आले नाहीत तर मजुरी माफ.

सातारी_आरएस:
आत्ताच फोन केला. म्हणाला, डायनो आमच्याकडे नाही.

जुना_व्हीटेक:
मग २५ मोजले कशावर, तेवढं विचारून घे.